भरपाई हा उपकार नव्हे : विमान अपघाताबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

वरूडच्या संत्रा बागायतदाराची मुलं आज पुण्या-मुंबईला आणि तिथून पुढे दुबई-लंडनला पोचली आहेत. त्यांना भेटायला निघालेले आईवडील नागपूरहून विमान पकडतात. १६ एप्रिल २०२५ पासून अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळावरूनही मुंबईचे विमान सुटू लागले. त्यानंतर दोन महिने होण्याच्या आतच, १२ जून २०२५ रोजी, अहमदाबादहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे १७१ क्रमांकाचे विमान कोसळले. विमानातल्या २४२ जणांपैकी एकच वाचला. जमिनीवरचे १९ जण गेले. एकूण २६० मृत्यू.

त्या दिवसापासून भरपाईबद्दल गावोगाव बोलले गेले आणि त्यात ऐकीव माहितीच जास्त होती. ज्या घरावर असा प्रसंग येतो, त्या घराला ऐकीव माहितीची किंमत लाखांत मोजावी लागते. म्हणून हे गैरसमज एकेक करून तपासायला हवेत.

गैरसमज १ : ‘कंपनीने एक कोटी जाहीर केले, म्हणजे विषय संपला.’

वस्तुस्थिती : अहमदाबादनंतर टाटा समूहाने प्रत्येक मृताच्या कुटुंबाला एक कोटी रुपये जाहीर केले. एअर इंडियाने तातडीच्या खर्चासाठी २५ लाखांची अंतरिम रक्कम वेगळी देऊ केली. यातले एक कोटी स्वेच्छेची मदत आहे. कायद्याची भरपाई ही तिसरीच गोष्ट. ती आंतरराष्ट्रीय हवाई प्रवासासाठीच्या १९९९ च्या मॉन्ट्रियल करारातून येते. भारत २००९ मध्ये या करारात सामील झाला आणि त्यासाठी संसदेने १९७२ च्या हवाई वाहतूक कायद्यात दुरुस्ती केली.

अंतरिम रक्कम अंतिम भरपाईतून वळती होऊ शकते. पण ती स्वीकारल्याने पुढचा हक्क जात नाही, आणि ती दिल्याने कंपनीने चूक कबूल केली असेही ठरत नाही. धोका असतो तो सोबत आलेल्या कागदात. ‘पूर्ण व अंतिम’ अशा अर्थाचा मजकूर असेल, तर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नये.

गैरसमज २ : ‘चूक कोणाची हे ठरेपर्यंत दमडी मिळत नाही.’

वस्तुस्थिती : २६ एप्रिल १९९३ रोजी औरंगाबादच्या चिकलठाणा विमानतळावरून उडालेले इंडियन एअरलाइन्सचे विमान धावपट्टीपलीकडच्या बीड रस्त्यावर कापसाच्या गाठी भरलेल्या ट्रकला धडकले. विमानातले ५५ जण दगावले. चौकशीत वैमानिकांचे उड्डाणतंत्र चुकल्याचे निघाले आणि उड्डाणाच्या वेळी रस्त्यावरची वाहतूक रोखली गेली नव्हती हेही निघाले. दोष असा वाटला जातो, तेव्हा तो ठरायला वेळ लागतो. ती वाट मृताच्या कुटुंबाने का पाहावी?

मॉन्ट्रियल करारात याचे उत्तर आहे. भरपाईच्या दोन पायऱ्या केल्या आहेत. पहिल्या पायरीपर्यंत कंपनीची चूक सिद्ध करावी लागत नाही. अपघात झाला आणि प्रवासी गेला किंवा जखमी झाला, एवढे पुरते. त्या वरच्या रकमेसाठी मात्र, आपली हयगय नव्हती किंवा नुकसान केवळ दुसऱ्याच्या चुकीने झाले, हे कंपनीने सिद्ध करायचे असते. ते जमले नाही तर वरची रक्कमही द्यावी लागते.

विमान अपघात अन्वेषण विभागाचा अहमदाबादचा प्राथमिक अहवाल जुलै २०२५ मध्ये आला. अशा तपासाचा हेतू पुढचे अपघात टाळणे हा असतो. भरपाईचा दावा त्यासाठी अडून राहत नाही.

गैरसमज ३ : ‘कायद्यातली रक्कम सगळ्यांना सारखी मिळते.’

वस्तुस्थिती : पहिल्या पायरीचा आकडा २८ डिसेंबर २०२४ पासून १,५१,८८० एसडीआर आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक. २०२५ च्या मध्याच्या दराने ही रक्कम पावणेदोन ते दोन कोटी रुपयांच्या दरम्यान येते. पण ती ‘इतक्यापर्यंत’ आहे, ‘इतकी तर नक्की’ नाही.

मंगळूरला २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेले विमान कोसळून १५८ जण गेले. त्या प्रकरणी केरळ उच्च न्यायालयाच्या एकसदस्यीय पीठाने २०११ मध्ये किमान ७५ लाख द्यायला सांगितले. द्विसदस्यीय पीठाने तो निर्णय फिरवला, कारण नुकसान किती हे दाखवावे लागते. दुसऱ्या बाजूने, त्याच अपघातातील एका नोकरदार प्रवाशाच्या कुटुंबाला मे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ७ कोटी ६४ लाखांवर रक्कम व्याजासह मंजूर केली. भत्ते वगळून उत्पन्न कमी धरणे चूक आहे, असे न्यायालयाने सांगितले.

वरूड-मोर्शीकडच्या घरांसाठी हाच मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. नोकरदाराकडे पगारपत्रक असते. बागायतदार आंबिया किंवा मृग बहाराची बाग व्यापाऱ्याला ठोक विकतो, सौदा अनेकदा शब्दावर किंवा चिठ्ठीवर होतो. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून विवरणपत्रही भरलेले नसते. मग लाखोंची बाग पिकवणाऱ्याचे उत्पन्न कागदावर शून्य दिसते. सातबारा, बाजार समितीच्या पट्ट्या, बँकेत जमा झालेली सौद्याची रक्कम, पीककर्जाचे खाते हेच अशा दाव्यातले पुरावे. सौद्याचे पैसे बँकेतून घेण्याची सवय इथे कामी येते.

गैरसमज ४ : ‘देशात उडा की परदेशात, कायदा एकच.’

वस्तुस्थिती : नाही. देशांतर्गत प्रवासासाठी केंद्र सरकारची वेगळी अधिसूचना आहे. जानेवारी २०१४ मध्ये तिने मृत्यूच्या भरपाईचा आकडा साडेसात लाखांवरून २० लाखांवर नेला. आंतरराष्ट्रीय प्रवासाच्या पहिल्या पायरीशी ताडून पाहिले तर हा साधारण नववा-दहावा हिस्सा.

यात एक बारकावा आहे. नागपूर-मुंबई-लंडन असा प्रवास एकाच करारात, सहसा एकाच तिकिटावर असेल, तर नागपूर-मुंबई हा टप्पाही आंतरराष्ट्रीय प्रवासाचा भाग धरला जातो. तेच मुंबईपर्यंतचे तिकीट स्वतंत्र काढले, तर त्या टप्प्याला देशी नियम लागू शकतो. म्हणजे एकाच विमानात शेजारी बसलेल्या दोन वऱ्हाडी माणसांना दोन वेगळे कायदे.

गैरसमज ५ : ‘विमानाचा विमा असतो, तोच प्रवाशाचा विमा.’

वस्तुस्थिती : विमान कंपनीच्या विम्यात दोन मुख्य भाग असतात. एक खुद्द विमानाचा, दुसरा कंपनीवर येणाऱ्या देण्याचा. कुटुंबाला मिळणारी भरपाई दुसऱ्या भागातून येते. मॉन्ट्रियल कराराने असा पुरेसा विमा ठेवणे बंधनकारक केले आहे.

प्रवाशाची स्वतःची आयुर्विमा किंवा अपघात विम्याची पॉलिसी यापासून पूर्ण स्वतंत्र आहे. तिची रक्कम कंपनीकडून मिळणाऱ्या भरपाईला आडवी येत नाही. अहमदाबादनंतर आयुर्विमा महामंडळाने मृत्यू दाखल्याऐवजी सरकारी नोंदीतला पुरावाही चालेल असे जाहीर केले होते.

गैरसमज ६ : ‘अपघातात गेलेल्या सगळ्यांना हाच कायदा लागतो.’

वस्तुस्थिती : मॉन्ट्रियल करार प्रवाशांपुरता आहे. अहमदाबादला वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहाच्या परिसरात गेलेल्यांकडे तिकीट नव्हते. त्यांच्या कुटुंबांना या कराराची पायरी नाही. त्यांना सामान्य दिवाणी कायद्याने निष्काळजीपणाचा दावा लावावा लागतो. चिकलठाण्याच्या रस्त्यावरच्या ट्रकसारख्या नुकसानीचेही तसेच.

विमानातले कर्मचारीही कामावर असताना प्रवासी ठरत नाहीत. ७ ऑगस्ट २०२० रोजी कोळिकोडला घसरलेल्या विमानाचे कप्तान दीपक साठे यांचे आईवडील नागपूरचे. अहमदाबादच्या विमानातले काही कर्मचारी डोंबिवली, बदलापूर, पनवेल भागातले होते. त्यांच्या कुटुंबांचा कायदेशीर आधार नोकरीच्या कराराचा आणि कामगार भरपाईचा. दोन्ही अपघातांच्या वेळी लागू असलेल्या १९२३ च्या कायद्यात विमानातले कर्मचारी स्पष्टपणे धरलेले होते.

गैरसमज ७ : ‘दावा कधीही लावता येतो.’

वस्तुस्थिती : दोन वर्षे. विमान पोचले त्या किंवा पोचायला हवे होते त्या दिवसापासून. अहमदाबादच्या प्रवाशांसाठी ही मुदत जून २०२७ मध्ये संपते. कंपनीशी पत्रव्यवहार चालू आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांचा हक्क त्यानंतर उरत नाही. दाव्यासाठी परदेशी जावे लागेल ही भीतीही बहुतेकांच्या बाबतीत निराधार आहे. भारतीय कंपनीवर भारतातल्या न्यायालयात दावा लावता येतो.

गैरसमज ८ : ‘आकडा वाढवायचा तर संसदेने नवा कायदा केला पाहिजे.’

वस्तुस्थिती : मॉन्ट्रियल करारात दर पाच वर्षांनी महागाईनुसार आढावा घेण्याची तरतूद आहे. त्यामुळेच १,००,००० एसडीआरची मर्यादा आधी १,१३,१००, मग १,२८,८२१ आणि आता १,५१,८८० झाली. भारतात हे बदल दरवेळी विधेयक आणून करावे लागू नयेत म्हणून संसदेने २०१६ मध्ये केंद्र सरकारला अधिसूचनेचा अधिकार दिला. देशांतर्गत आकडाही अधिसूचनेनेच ठरतो. पण त्याला महागाईशी बांधणारी अशी पाच वर्षांची शिस्त नाही.

संसदेच्या परिवहन, पर्यटन आणि संस्कृतीविषयक स्थायी समितीने ऑगस्ट २०२५ मध्ये हवाई सुरक्षेचा व्यापक आढावा मांडला. भरपाई आणि विम्याच्या कायद्यालाही असाच सविस्तर आढावा हवा आहे. त्यात तीन गोष्टी आल्याच पाहिजेत : देशांतर्गत मर्यादेला ठराविक मुदतीची महागाईवाढ, जमिनीवर बळी गेलेल्यांसाठी चूक सिद्ध न करता मिळणारी भरपाई, आणि पगारपत्रक नसलेल्या शेतकरी-व्यापाऱ्याचे उत्पन्न मोजण्याची ठरलेली पद्धत. बेलोऱ्याहून मुंबईपर्यंतचेच तिकीट काढलेला प्रवासी देशांतर्गत नियमाखालीच उडतो. अमरावती आणि अकोल्याच्या खासदारांनी हा प्रश्न सभागृहात विचारायला एवढे कारण पुरेसे आहे.