ॲफेलियन म्हणजे नेमकं काय? जुलैतल्या त्या मेसेजमागचा खरा शब्द

जुलै जवळ आला की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. तुमच्याकडेही आला असेल. उद्या पहाटे ५ वाजून २७ मिनिटांनी ‘अल्फेलियन’ सुरू होणार, पृथ्वी सूर्यापासून ६६ टक्के लांब जाणार, २२ ऑगस्टपर्यंत कडक थंडी, सर्दी-खोकला, श्वासाचा त्रास वगैरे. यंदा तर आत्याने फोन करून विचारलं, “अरे, मला दम्याचा त्रास. सकाळी देवळात जाणं बंद करू का?” म्हणून हा लेख.

आधी शब्दाचं बघू. ‘अल्फेलियन’ असा काही शब्दच नाही. खरा शब्द ॲफेलियन. ग्रीक भाषेत ‘अपो’ म्हणजे दूर आणि ‘हेलिओस’ म्हणजे सूर्य. हा शब्द योहानेस केपलरने घडवला. १५९६ साली आलेल्या ‘मिस्टेरियम कॉस्मोग्राफिकम’ या त्याच्या लॅटिन पुस्तकात तो सापडतो. त्याआधी ‘ॲपोजी’ हा शब्द चालायचा, त्यातला ‘जी’ म्हणजे पृथ्वी. पृथ्वीच मध्यभागी आहे असं मानत होते तोवर तो पुरेसा होता. सूर्य मध्यभागी आल्यावर शब्दातली पृथ्वी काढून सूर्य बसवावा लागला, एवढंच.

आपल्या पाठ्यपुस्तकांत यालाच ‘अपसूर्य’ म्हणतात, आणि मला हा मराठी शब्द फार आवडतो. कारण तो नुसता भाषांतर नाही. संस्कृतातलं ‘अप’ आणि ग्रीक ‘अपो’ हे एकाच जुन्या भाषेतून आलेले सख्खे भाऊ. ‘सूर्य’ आणि ‘हेलिओस’ हेसुद्धा एकाच मुळातून फुटलेले, ऐकायला वाटत नसलं तरी! म्हणजे अपसूर्य आणि ॲफेलियन हे तुकड्यातुकड्याने एकमेकांचे नातेवाईक आहेत. सर्वात जवळच्या बिंदूला मात्र तिकडे ‘पेरिहेलियन’ म्हणतात. त्यातल्या ‘पेरि’चा भाऊ आपला ‘परि’ (परिघ, परिसर), पण मराठीने तिथे ‘उप’ घेतला आणि ‘उपसूर्य’ केलं. चंद्र पृथ्वीभोवती फिरतो, म्हणून त्याच्यासाठी उपभू आणि अपभू.

आता आकडे. पृथ्वी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सूर्याच्या सर्वात जवळ असते, साधारण १४ कोटी ७१ लाख किमी. जुलैच्या पहिल्या आठवड्यात सर्वात दूर, साधारण १५ कोटी २१ लाख किमी. फरक ५० लाख किमीचा, म्हणजे तीन-साडेतीन टक्के. मेसेजमध्ये नेहमीचं अंतर ९ कोटी किमी दिलेलं असतं. माझा अंदाज, कोणीतरी ९ कोटी ३० लाख मैल हा आकडा उचलला आणि मैलाचे किलोमीटर करायचं विसरला.

जुलैत सूर्याची उष्णता जानेवारीपेक्षा सुमारे ७ टक्के कमी मिळते हे खरं. पण ऋतू ठरतात पृथ्वीच्या कललेल्या अक्षामुळे. ॲफेलियनच्या दिवसांत उत्तर गोलार्धात उन्हाळा असतो, आणि जमीन या गोलार्धात जास्त असल्याने पृथ्वीचं सरासरी तापमान तेव्हा उलट थोडं जास्तच भरतं. मग आपल्याकडे जुलैत गारवा का? पावसामुळे हो! आणि म्हणूनच तो मेसेज खरा वाटतो. आत्याला सांगितलं, देवळात जा, छत्री तेवढी ने. दम्याचं औषध डॉक्टरांनी सांगितलंय तसंच चालू ठेव, त्याचा पृथ्वीच्या कक्षेशी काही संबंध नाही.

अंतराचा परिणाम दिसतो तो वेगात. दूर असताना पृथ्वी सेकंदाला सुमारे २९.३ किमी जाते, जवळ असताना ३०.३ किमी. म्हणून मार्चच्या विषुवदिनापासून सप्टेंबरच्या विषुवदिनापर्यंत सुमारे १८६ दिवस लागतात आणि परतीला १७९. आपल्या राष्ट्रीय सौर दिनदर्शिकेत वैशाख ते भाद्रपद हे महिने ३१ दिवसांचे आणि आश्विन ते फाल्गुन ३० दिवसांचे आहेत, ते याचमुळे. जुन्या भारतीय ज्योतिषगणितात या दूरच्या बिंदूला ‘मंदोच्च’ म्हणत. त्यातला ‘उच्च’ अरबीत जाऊन ‘औज’ झाला.

हे शब्द इस्रोच्या बातम्यांतही भेटतील. चंद्रयान-३ ची कक्षा १५ जुलै २०२३ रोजी ‘४१,७६२ किमी × १७३ किमी’ अशी सांगितली होती. मोठा आकडा अपभूचा, छोटा उपभूचा, आणि दोन्ही पृथ्वीच्या पृष्ठभागापासूनची उंची. उपभूपाशी इंजिन पेटवलं की पलीकडचा अपभू आणखी लांब सरकतो. असं टप्प्याटप्प्याने करत १ ऑगस्टला तो ३,६९,३२८ किमीवर नेला, चंद्राच्या अंतरापर्यंत.