दाजींचा चहा आणि आपली साखर

उसाच्या गावात पाहुण्याच्या चहात साखर मोजून घालायची नसते, ही आपली जुनी रीत. चहा अगोड झाला तर पाहुणा काही बोलत नाही, पण गावभर होते. "एवढा ऊस कारखान्याला घालतात, आणि चहात साखर नाही!" असे ऐकून घेण्यापेक्षा चमचाभर जास्त पडलेली बरी, असे आपण सारेच धरून चालतो.

गेल्या पाडव्याला आमचे थोरले दाजी बदलापूरहून गावी आले. त्यांना साखरेचा आजार आहे हे आम्हाला ठाऊक होते. पण सणाचा दिवस, एका कपाने काय होतं, असे म्हणून आम्ही नेहमीसारखाच चहा केला. दाजींनी एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि हसत म्हणाले, "पाव्हणं, चहा दिलात का काकवी?"

सगळे हसले. आम्हीही हसलो, पण मनाला लागले. एके काळी तीन चमचे घालूनही "अजून जरा येऊ द्या" म्हणणारा हा माणूस! दुपारी अक्काने आम्हाला परसात बोलावून सांगितले, "गेल्या खेपेला मान राखायचा म्हणून चार घरचा चहा प्याले. बदलापूरला पोचल्यावर दवाखान्यात न्यावं लागलं. तुम्ही माणसं मायेनं करता रे, पण सोसावं त्यांना लागतं."

यावर आम्हाला बोलायला तोंड राहिले नाही. गळीत हंगाम आटोपल्यावर वैशाखात आम्ही बदलापूरला गेलो, चार दिवस राहिलो आणि दाजींच्या चहाची सगळी कहाणी त्यांच्याच तोंडून ऐकली. ती आपल्या धंद्याशी जवळची आहे, म्हणून इथे मांडतो.

गावचा गुळाचा चहा

दाजींचा जन्म आपल्याच भागातला. लहानपणी घरात चहा म्हणजे गुळाचा, बिनदुधाचा. दूध विकायचे असे, साखर रेशनकार्डावर मिळे, आणि ती डब्यात पाहुण्यासाठी राखलेली. घरच्या माणसाला गूळ, पाहुण्याला साखर. साखर ही तेव्हा चवीपेक्षा मानाची गोष्ट होती.

मुळात चहा आपल्याकडे फार जुना नाही. आसामात मळे उभे राहिले ते परदेशच्या गिऱ्हाइकासाठी. १९०३ साली चहावर कर बसवून त्याच्या पैशातून प्रचार सुरू झाला. पुढे स्टेशनांवर, गिरण्यांत, बाजारात चहा पाजून आणि पैशा-पैशाच्या पुड्या विकून लोकांना सवय लावली गेली. लोकांनी सवय उचलली, पण आपल्या पद्धतीने. पत्ती कमी आणि दूध, साखर, आले जास्त. प्रचारकांना ते काही रुचत नव्हते, कारण त्यांना पत्ती खपवायची होती. पण लोकांच्या जिभेने त्यांचे ऐकले नाही. आज देशात दरसाल सुमारे १३० कोटी किलो चहा पिकतो आणि त्यातले पाचातले चार हिस्से आपणच पिऊन संपवतो.

उल्हासनगर : शेजारणीची वेलची

१९७२ चा दुष्काळ पडला. विहिरी आटल्या, ऊस वाळला. दाजी विशीतले. गावच्या एकाचा हात धरून ते कल्याणला उतरले आणि उल्हासनगरात एका बराकीतली अर्धी खोली भाड्याने मिळवली.

उल्हासनगरची हकिगत आपल्या वाचकांना ठाऊक असेलच. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिथल्या बराकींत जागा देण्यात आली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते या नव्या वसाहतीला उल्हासनगर नाव मिळाले. आजही तिथे पत्ता सांगताना आधी कॅम्पचा नंबर सांगतात.

दाजींच्या शेजारी एक सिंधी कुटुंब होते. घरदार, शेतीभाती टाकून आलेली माणसे. पण दारात कोणी आला की आधी पापड आणि पाणी, मग चहा. तो चहा दुधाळ, उकळून घट्ट केलेला, वर वेलची. "पहिल्यांदा प्यालो तेव्हा वाटलं, हा चहा की बासुंदी?" दाजी सांगत होते. "गुळाच्या काळ्या चहावर वाढलेली जीभ. आठ दिवस तो चहा ओशट लागला. पण परक्या गावात रोज संध्याकाळी कोणीतरी कप पुढं करतंय, म्हणून पीत गेलो. सहा महिन्यांनी गावी आलो तर आईचा गुळाचा चहा पचपचीत लागला. आईला बोललो नाही. पण तिला कळलंच."

ही दाजींची पहिली बदललेली चव. जीभ तीच होती, सोबत बदलली होती.

अंबरनाथ : कँटीनचा कडक

दोन वर्षांनी दाजींना अंबरनाथला एका कारखान्यात कायम नोकरी लागली. हजार वर्षांपूर्वीच्या शिवमंदिराचे हे गाव. मंदिरातल्या शिलालेखावर शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० असा काळ दिलेला आहे. गेल्या शतकात मात्र गावाला ओळख मिळाली ती विम्कोच्या काडेपेट्यांमुळे, शस्त्रास्त्रांच्या सरकारी कारखान्यामुळे आणि औद्योगिक वसाहतीमुळे.

१९४८ च्या कारखाना कायद्यात अडीचशेवर कामगार असलेल्या कारखान्याला कँटीन लागू करण्याची तरतूद होती. दाजींच्या कारखान्यात कँटीन होतेच. तिथला चहा बारीक दाणेदार पत्तीचा. ही पत्ती यंत्रात दाबून, फाडून, वळवून करतात, तिलाच सीटीसी म्हणतात. ती १९३० च्या दशकात आसामात निघाली आणि स्वातंत्र्यानंतर देशभर पसरली. थोड्या पत्तीत भराभर रंग उतरतो, कप जास्त होतात, म्हणून कँटीनला आणि टपरीला ती परवडते. पण कडूही चटकन होते. मग त्या कडूवर उतारा कोणता? आपली साखर.

रात्रपाळीला झोप उडवायला कडक चहा, आणि कडक चहा गिळायला साखर. दाजी पाळीत सहा कप घेत, प्रत्येकी तीन चमचे. आम्ही तिथेच कागदावर हिशेब मांडला. चमचा चार ग्रॅमचा धरला तर दिवसाला ७२ ग्रॅम, वर्षाला सव्वीस किलोच्या वर साखर. सव्वादहा टक्के उताऱ्याने त्याला अडीच क्विंटलवर ऊस लागतो. २०२५-२६ च्या हंगामाच्या ३५५ रुपये एफआरपीने झाले नऊशे रुपये. म्हणजे एकरी चाळीस टनाचा ऊस खपवायला असे दीडशे दाजी पाहिजेत!

आम्ही थट्टेने म्हणालो, "दाजी, तुम्ही आमचे मोठे गिऱ्हाईक होता."

दाजी म्हणाले, "होतो खरा. पण माल माझ्याच अंगात साठला ना!"

बदलापूर : अर्ध्या चमच्याने उतरत

निवृत्तीनंतर मुलाने बदलापूरला फ्लॅट घेतला. जुन्या काळी इथे घोडे बदलत म्हणून हे नाव पडले, असे लोक सांगतात. दाजींना इथे चहा बदलावा लागला. तपासणीत साखर निघाली. डॉक्टरांनी सांगितले, चहातली साखर बंद.

पहिल्या दिवशी दाजींनी एकदम बंद केली. चहा काढ्यासारखा लागला. आठवडाभर घरी बिनसाखरेचा घेत आणि स्टेशनावर जाऊन टपरीवरचा गोड चहा चोरून पीत. अक्काने एकदा खिशातली सुटी नाणी मोजली आणि चोरी उघडी पडली.

मग अक्काने रस्ता काढला. तीन चमच्यांचे अडीच, पंधरा दिवसांनी दोन, पुढच्या पंधरवड्याला दीड. अशी अर्ध्या चमच्याने पायरी उतरवली. दुसरी गोष्ट, पत्ती बदलली. साखरेच्या आड लपलेला कडूपणा साखर काढली की उघडा पडतो. म्हणून भुकटीऐवजी मोठी पत्ती आणली, ती उकळत ठेवायची नाही, उकळते पाणी ओतून झाकायची. आले ठेचून घालायचे, दूध थोडे. तीन महिन्यांत दाजी बिनसाखरेवर आले. दाजी म्हणाले, "आता मला चहाचा वास कळतो. चाळीस वर्षं मी चहा पीत नव्हतो, साखरेचं गरम पाणी पीत होतो."

हे नुसते दाजींचेच नाही. अमेरिकेतल्या मोनेल संस्थेच्या संशोधकांनी २०१६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. ज्यांनी तीन महिने साखर कमी खाल्ली, त्यांना खिरीसारखा एकच पदार्थ आधीपेक्षा जास्त गोड लागू लागला. म्हणजे जीभ हळूहळू वळते. पण प्रयोग संपून जुने खाणे सुरू झाले की ती परत फिरते. पाडव्याचा आमचा चहा दाजींना काकवी का वाटला, ते आम्हाला तेव्हा उमगले. आमच्या हातून साखर जादा पडली नव्हती. त्यांची जीभ पुढे गेली होती, आम्ही जुन्या मापावर होतो.

मग आपल्या उसाचे काय?

हा प्रश्न आमच्याही मनात आला. घरोघरी असे दाजी झाले तर साखर कोण घेणार? पण विचार केला तर भिण्याचे कारण नाही. देशात साखरेचा मोठा भाग मिठाईवाले, बिस्किटवाले, थंड पेयवाले घेतात. आपला ऊस आता इथेनॉललाही जातो, २०२५ मध्ये पेट्रोलमधले मिश्रण वीस टक्क्यांवर पोचले. आजारी माणसाच्या कपात चमचाभर साखर ढकलून आपला भाव वाढणार नाही.

उलट बाजूही ध्यानात घ्यावी. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात दहा कोटींवर लोकांना मधुमेह आहे. त्यात आपले सभासद आहेत, त्यांचे आईवडील आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या सल्ल्याप्रमाणे वरून घातलेली साखर दिवसाला पन्नास ग्रॅमच्या आत असावी, पंचवीसच्या आत आणली तर आणखी चांगले. पंचवीस ग्रॅम म्हणजे सारे सहा चमचे, मग ते चहातले असोत की मिठाईतले.

एक खुलासा करतो. शहरांत आता गुळाच्या चहाच्या पाट्या लागल्या आहेत. लहानपणी जो घरच्यांसाठी होता, तो आज जादा पैसे देऊन पाहुण्याला पाजतात! गुळाला मागणी आली याचा आनंद आहे. चहा फाटू नये म्हणून गूळ आणि पत्ती पाण्यात उकळावी, भांडे खाली उतरवावे आणि वेगळे तापवलेले दूध शेवटी घालावे. पण मधुमेह्याने गुळाला औषध समजू नये. गुळातही मुख्य भाग साखरेचाच असतो.

निघताना दाजींनी चहा केला. आमच्या कपाशेजारी साखरेची वाटी आणि चमचा ठेवला. म्हणाले, "पाव्हणं, तुमच्या हातानं घ्या. कमी म्हणू नका, जास्त म्हणू नका."

ही वाटी आम्हाला फार आवडली. आमच्या घरी आता तसेच सुरू केले आहे. गटाच्या बैठकीत, कारखान्याच्या कार्यालयात, लग्नाच्या बैठकीतही चहा अगोड करून साखरेची वाटी शेजारी ठेवायला काय हरकत आहे? साखर आपलीच आहे, ती कुठे जात नाही. आणि यंदाच्या दिवाळीला दाजी येतील तेव्हा कप रिकामा करून उठतील, एवढे आम्हाला पुरे.