लेकराला जुलाब लागले? पाणी तोडू नका!

पावसाळा लागला की आपल्या वस्त्यांतून जुलाब-वांतीचा फेरा सुरू होतो. शहरात गटाराला खेटून गेलेला नळाचा पाईप आणि गावाकडे विहिरीत उतरलेले गढूळ पाणी, दोन्हीचा परिणाम एकच. मोठ्या माणसाची चार दिवसांची मजुरी बुडवून हा आजार निघून जातो. लहान लेकराला मात्र तो एका दिवसात गलितगात्र करतो आणि वेळेवर उपाय झाला नाही तर हिरावूनही नेतो. दुःख याचे की यातली बहुतेक लेकरे घरातल्या मूठभर साखरेने आणि चिमूटभर मिठाने वाचू शकतात.

जीव जातो तो कशाने?

जुलाबातून अंगातले पाणी आणि क्षार वाहून जातात. ते भरून निघाले नाहीत तर लेकरू सुकते. डोळे खोल जातात, तोंड कोरडे पडते, रडताना अश्रू येत नाहीत, तान्ह्या बाळाची टाळू आत जाते. पुष्कळ घरांत अजूनही म्हणतात, "पाणी पाजू नका, जुलाब वाढतील." माठाला चीर गेली म्हणून आपण त्यात पाणी भरायचे थांबलो तर माठ रिकामाच होणार. लेकराचेही तसेच आहे. जेवढे जाते तेवढे वरून भरत राहिले पाहिजे.

दुसरी समजूत अशी की दात येताना जुलाब व्हायचेच. खरे कारण वेगळे आहे. त्याच वयात मूल रांगू लागते आणि जमिनीवरचे हाती येईल ते तोंडात घालते. त्यातून जंतू पोटात जातात. नजर उतरवण्यात, अंगारा लावण्यात आणि पोटावर डाग देण्यात जो वेळ जातो, तोच वेळ लेकराला वाचवण्याचा असतो. घरातल्या वडीलधाऱ्यांनी आपल्या काळात जे माहीत होते ते मायेनेच केले. आता अधिक माहीत झाले आहे, तर सुनेने आणि सासूने मिळून ते करावे.

छावणीत सिद्ध झालेला उपाय

१९७१ साली बांगलादेशच्या युद्धातून लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगाव येथे पटकीची साथ पसरली. इस्पितळात खाटा पुरेनात, माणसे जमिनीवर पडलेली, सलाईनचा साठा संपत आलेला. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांची पूड पाण्यात कालवून पिंपे भरली आणि ते पाणी रुग्णांना त्यांच्या नातेवाइकांच्याच हातून पाजवले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. हीच आजची ओआरएस, म्हणजे जलसंजीवनी. डॉ. महालनबीस २०२२ साली वारले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले.

यात जादू नाही. साखर आतड्यातून आत जाताना मिठाला सोबत नेते आणि त्यांच्यामागोमाग पाणीही रक्तात जाते. जुलाब चालू असतानाही हे काम थांबत नाही. म्हणून उठसूट कर्ज काढून सलाईन लावण्याची गरज नसते. लेकरू पीत असेल तर तोंडाने दिलेले पाणीच पुरते.

घरी कसे करावे?

ओआरएसची पुडी आशाताईंकडे किंवा आरोग्य केंद्रात मोफत मिळते. पुडीवर लिहिलेल्या मापाएवढ्या पाण्यात ती सबंध टाकावी. मोठी पुडी एक लिटरची असते. पुडी मिळेपर्यंत एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून ढवळावे. चव पाहावी. अश्रूंपेक्षा खारट लागले तर ते टाकून नवे करावे, कारण जादा मीठ घातक असते. केलेले पाणी २४ तासांनंतर वापरू नये.

दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप चमच्याने पाजावे. मोठ्या मुलाला अर्धा ते एक कप द्यावा. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा हळूहळू सुरू करावे. अंगावरचे दूध बंद करू नये. खात्या मुलाला मऊ भात, मीठ घातलेली पेज, वरणाचे पाणी, ताजे ताक, केळे असे थोडे थोडे द्यावे. बाटलीबंद गोड पेये म्हणजे ओआरएस नव्हे; त्यातल्या जास्त साखरेने जुलाब वाढतात. मोठ्यांच्या जुलाब थांबवण्याच्या गोळ्या मुलांना देऊ नयेत.

सोबत झिंकची गोळी १४ दिवस द्यावी. दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला २० मिलिग्रॅमची अर्धी आणि त्यापुढे पाच वर्षांपर्यंत एक. जुलाब थांबले तरी १४ दिवस पुरे करावेत.

केव्हा थांबू नये?

शौचात रक्त पडले, लेकरू मलूल झाले, पिईना, प्रत्येक घोट उलटू लागले, सहा तास लघवी झाली नाही किंवा पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर हळूहळू बसू लागली, तर तडक दवाखाना गाठावा. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब लागोपाठ होऊ लागले तर मोठ्या माणसालाही न्यावे. वाटेत पाणी पाजणे चालू ठेवावे.

आजार दारातच अडवा

- पाणी खळखळून उकळावे आणि उकळी आल्यावर मिनिटभर तसेच राहू द्यावे. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. क्लोरीनची गोळी पाकिटावरच्या प्रमाणात टाकून अर्धा तास थांबावे.
- गॅस परवडत नसेल तर स्वच्छ पाणी पारदर्शक बाटलीत भरून सहा तास कडक उन्हात ठेवावे. ढगाळ हवेत दोन दिवस लागतात. संततधारेत हा उपाय चालत नाही.
- माठावर झाकण आणि पाणी काढायला लांब दांड्याचे ओगराळे ठेवावे.
- शौचानंतर, बाळाची शी धुतल्यावर आणि स्वयंपाकाआधी हात साबणाने धुवावेत. एवढ्याने जुलाबाचे सुमारे ३० टक्के आजार टळतात.
- सहा महिन्यांपर्यंत बाळाला फक्त आईचे दूध द्यावे. सहाणेवर उगाळलेली बाळगुटीही नको.
- रोटाव्हायरसची लस सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात सरकारी केंद्रात मोफत मिळते. ती चुकवू नये.

फुटलेला पाईप मात्र एकट्या आईच्या हाताने जुळत नाही. त्यासाठी वस्तीने मिळून सह्यांचा अर्ज द्यावा आणि काम होईपर्यंत पाठपुरावा करावा. महावग्गात एक प्रसंग आहे. जुलाबाने आजारी असलेला एक भिक्खू आपल्याच घाणीत पडून होता आणि कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. भगवान बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला सांगून त्याला स्वतः धुतले, उचलून मंचकावर निजवले आणि संघाला एकमेकांच्या शुश्रूषेची आठवण दिली. शेजारच्या घरात लेकरू आजारी असेल आणि आई कामावर गेली असेल, तर वाटी-चमचा घेऊन आपणच जाऊन बसावे.

साखर-मिठाचे हे माप एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून माठाजवळ चिकटवा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा.