राणी मासा लाल कशाला?

पुण्यात विश्रांतवाडीतल्या मासळीच्या दुकानात बर्फावर बांगडा आणि राणी मासा शेजारी शेजारी मांडलेले दिसतात. बांगड्याची पाठ हिरवट निळी, तिच्यावर अंगाच्या लांबीने गेलेल्या काळसर रेघा, पोट लख्ख चंदेरी. राणी मात्र गुलाबी-लाल. आपण कल्ले उचलून मासा ताजा आहे ना तेवढं पाहतो आणि भावावर येतो. दोघांच्या रंगांत एवढा फरक का, हे विचारायला वेळ नसतो; मागे रांग असते.

उत्तर पाण्यातल्या उजेडात आहे. सूर्यप्रकाशातले सगळे रंग पाण्यात सारखे खोल जात नाहीत. पाणी लाल रंग झपाट्याने शोषून घेतं. अगदी नितळ समुद्रातही पहिल्या दहा मीटरांत तो बहुतेक संपतो. मागोमाग नारिंगी आणि पिवळा. निळा सर्वांत चिवट. राणी मासा राहतो तळाजवळ, कित्येक मीटर खाली. तिथे लाल किरण पोचतच नाहीत, मग त्याची लाल कातडी परत पाठवणार काय? शिकाऱ्याला तो मळकट करडाच दिसतो. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली तो जितका उठून दिसतो तितका घरी कधीच दिसला नसेल. बांगडा वरच्या उजेडात थव्याने फिरतो. वरून पाहणाऱ्याला त्याची गडद पाठ खोल पाण्यात मिसळून जाते, खालून पाहणाऱ्याला चंदेरी पोट चकाकत्या पृष्ठभागात हरवतं.

समुद्र निळा दिसतो तो आकाशाच्या प्रतिबिंबामुळे, असं एकेकाळी मोठमोठे शास्त्रज्ञही मानत. १९२१ मध्ये ‘नरकुंडा’ बोटीने इंग्लंडहून परतताना चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी निकोल लोलकातून पाणी पाहिलं. या लोलकाने पृष्ठभागावरून परावर्तित होणारा आकाशाचा उजेड गाळता येतो. तो गाळला तरी निळाई गेली नाही, उलट खुलली. म्हणजे रंग पाण्याचाच होता. ‘नेचर’ला धाडलेल्या त्यांच्या पत्रावर पत्ता होता मुंबई बंदराचा.

आता कोणी म्हणेल, अलिबागला तर आम्ही निळा समुद्र कधी पाहिला नाही! खरं आहे. किनाऱ्याजवळ गाळ आणि सूक्ष्म वनस्पती-प्लवक भरपूर. प्लवकांतलं हरितद्रव्य निळाही खातं, उरतो हिरवा. पावसाळ्यात नद्या माती ओततात तेव्हा काही मीटरांतच काळोख होतो. पाण्याचा हाच रंग ‘ओशनसॅट’ उपग्रह टिपतात. त्यावरून आणि पाण्याच्या तापमानावरून मासळी कुठे असेल याचा अंदाज हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था मच्छीमारांना देते. विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे शंभर किलोमीटरवर, कान्होजी आंग्र्यांचं नाव मिळालेल्या आंग्रिया बँकेवर मात्र पाणी नितळ आहे. तिचा माथा विसेक मीटर पाण्याखाली असूनही तिथे प्रवाळ जगतात, कारण त्यांच्या पेशींतल्या शैवालाला पुरेल एवढा उजेड तिथवर उतरतो.

आणखी खाली? विश्रांतवाडी चौकातून आळंदी रस्त्याने चालायला लागा. दोनशे मीटर, म्हणजे दोन-तीन मिनिटं, एवढीच वनस्पतींच्या कामाच्या उजेडाची हद्द. एक किलोमीटर झाला की सूर्याचा शेवटचा निळसर मागमूसही मिटतो. समुद्राची सरासरी खोली मात्र पावणेचार किलोमीटरच्या आसपास, म्हणजे दिघीपर्यंतची उरलेली सगळी वाट अंधारातली.

या दोन हद्दींमधल्या संधिप्रकाशात, आपल्या अरबी समुद्रातही, कंदीलमासे मोठ्या संख्येने राहतात. त्यांच्या पोटावर दिव्यांचे ठिपके असतात. वरून झिरपणाऱ्या उजेडाइतकेच ते तेवतात, त्यामुळे खालून त्यांची सावली दिसत नाही. अशा खोलीवरच्या कोळंब्या पुष्कळदा लालभडक असतात; युक्ती राणी माशाचीच. पण मॅलाकोस्टिअस नावाच्या एका खोल समुद्रातल्या माशाने त्यावर तोड काढली आहे. त्याच्या डोळ्याखाली लाल उजेड पाडणारा अवयव असतो. हा उजेड इतर बहुतेकांना दिसतच नाही, त्याला मात्र दिसतो. त्यासाठी त्याच्या डोळ्यात हरितद्रव्यापासून बनलेलं एक रंगद्रव्य असतं. ते त्याला स्वतःला तयार करता येत नाही. वरच्या उजेडातल्या प्लवकांकडून, एकाने दुसऱ्याला खात खात, ते त्याच्यापर्यंत उतरतं.