दात दिवसातून किती वेळा घासता?

वरकुट्याहून एका वाचक ताईंनी विचारलंय : "सासूबाई मशेरी लावतात. आशाताई आरोग्य तपासणीचा फॉर्म भरायला आल्या, तेव्हा मात्र 'मला कसलं व्यसन नाही' म्हणाल्या. हे खोटंच ना?"

मुळीच नाही. त्यांच्या लेखी तंबाखू पुरुषमाणसं खातात. मशेरी दाताला लावायची असते. त्या फॉर्मच्या मूळ इंग्रजी मसुद्यात नमुन्यादाखल गुटखा आणि खैनी ही नावं आहेत. खैनी! इंदापूर तालुक्यात हा शब्द कोण बोलतं? तव्यावर काळी होईस्तोवर भाजून कुटलेली तंबाखू मात्र त्यात नाही. भाजल्यानं सगळं निकोटीन उडून जात नाही, हिरडीतून ते रक्तात जातंच.

परदेशी प्रश्नावल्यांचीही इथे गंमत होते. निकोटीनचं व्यसन मोजणाऱ्या, फागरस्ट्रॉम यांच्या नावाच्या चाचणीत विचारतात, उठल्यावर पहिली सिगारेट किती वेळानं? पाच मिनिटांच्या आत ओढणाऱ्याला सर्वाधिक गुण. हा प्रश्न मशेरीला लावला, तर उठल्याबरोबर तोंड धुणाऱ्या साऱ्याच बाया अट्टल ठरतील! त्यापेक्षा सहज विचारावं, "दात दिवसातून किती वेळा घासता?" उत्तर "चार-पाच" आलं, की ते दातांसाठी नाही हे बोलणारीलाही कळतं.

लोकांच्या सवयी त्यांच्या दारात जाऊन टिपण्याची मोठी परंपरा आपल्या पुणे जिल्ह्यातलीच आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले दंतवैद्य फली मेहता (अणुविज्ञानाच्या त्या पंढरीत दंतवैद्य!) आणि त्यांचे सहकारी इथल्या गावोगाव फिरले आणि १,०१,७६१ गावकऱ्यांची तोंडं तपासली. १९७२ साली तो अहवाल प्रसिद्ध झाला. शोध होता कर्करोगाचा आणि त्याआधी उमटणाऱ्या पांढऱ्या चट्ट्यांचा. हल्ली मोबाइलवरच्या तपासणीचा फार गवगवा होतो. या माणसांकडे होती पायपीट आणि आरसा. मेहतांचं नाव आज कितीजणांना ठाऊक आहे?

त्यांचेच सहकारी प्रकाश गुप्ता. केरळ, आंध्र आणि गुजरातेतल्या ३६,००० तंबाखूसेवकांना त्यांच्या चमूनं समजावलं. पाच वर्षांनंतरचा वृत्तान्त १९८६च्या 'लॅन्सेट'मध्ये आहे. सवय सोडणारे वाढले, चट्टे उमटण्याचं प्रमाण घटलं. औषध नव्हतं, बोलणं होतं. पुढे २००४ साली गुप्तांनीच मुंबईतल्या १,२१७ गर्भवतींच्या पाहणीतून दाखवलं, की धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या आयांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनं हलकी जन्मतात. तंबाखू वापरणाऱ्या त्या आयांतल्या बहुतेक जणी मशेरीवाल्याच होत्या.

तेव्हा ताई, "व्यसन" हा शब्द घरात काढूच नका. तो दारुड्याला लावायचा शब्द. सासूबाई दुखावतील आणि डबी पदराआड जाईल. आधी दुपारची खेप सोडून बघू, म्हणा. सकाळी हातात साधी दंतमंजनाची डबी द्या, बोट फिरवायची सवय तशीच राहू दे. तंबाखू सोडण्यासाठीचा सरकारी मोफत क्रमांक १८००-११-२३५६ आहे. फोन मात्र सासूबाईंना विचारूनच लावा.