धरणात किती शून्ये?

पावसाळा ऐन भरात आला की मराठी वर्तमानपत्रांत धरणांचे आकडे रोज छापून येतात. साताऱ्याच्या बातमीत कोयनेची क्षमता १०५.२५ टीएमसी असते. मराठवाड्याच्या आवृत्तीत जायकवाडीची क्षमता २,९०९ दलघमी. मुंबईच्या पानावर शहराला पाणी देणाऱ्या सात तलावांची मिळून क्षमता १४ लाख ४७ हजार ३६३ दशलक्ष लिटर. यांतले सर्वांत मोठे पाणी कुठले, असे विचारले तर आकडे पाहून कुणीही मुंबईकडे बोट दाखवील. चौदा लाखांपुढे कोयनेच्या एकशेपाचांचा काय पाड!

हिशेब मांडला की चित्र उलटे होते. टीएमसी म्हणजे ‘थाउजंड मिलियन क्युबिक फीट’, अर्थात एक अब्ज घनफूट. मेट्रिक मापात ते २८.३ दशलक्ष घनमीटर भरतात. दलघमी हे ‘दशलक्ष घनमीटर’चेच लघुरूप. आणि एका घनमीटरमध्ये हजार लिटर मावतात, त्यामुळे मुंबईच्या आकड्याला हजाराने भागले की तोही दलघमीत येतो. आता तिघांना एका ओळीत उभे करावे: कोयना सुमारे २,९८०, जायकवाडी २,९०९ आणि मुंबईचे सातही तलाव एकत्र १,४४७. म्हणजे जायकवाडीच्या जेमतेम निम्मे. मुंबईचा आकडा वापरण्याजोग्या पाण्याचा आहे आणि जायकवाडीच्या आकड्यात मृतसाठा धरलेला आहे, हा आक्षेप खरा. पण मृतसाठा वजा केला तरी जायकवाडीत २,१७१ दलघमी उरतात, मुंबईच्या दीडपट.

एकाच राज्यातले पाणी तीन मापांत मोजायचे आणि मग पाणीवाटपावर वाद घालायचा, असा हा प्रकार. टीएमसीत ब्रिटिश काळातला फूट अजून मुक्कामाला आहे. मुंबईच्या आकड्यात तर ‘लाख’ आणि ‘दशलक्ष’ एकाच दमात येतात: चौदा लाख दशलक्ष. ही संख्या तोंडाने म्हणता येते, डोळ्यांसमोर येत नाही.

अशा वेळी मेट्रिक उपसर्ग कामाला येतात. दहा लाखांसाठी मेगा, शंभर कोटींसाठी गिगा, लाख कोटींसाठी टेरा. एक दलघमी म्हणजे बरोबर एक गिगालिटर. ऑस्ट्रेलियात धरणांचे पाणी याच मापात सांगतात. मग मुंबईची सारी शून्ये गळून १.४५ टेरालिटर उरतात आणि कोयना होते २.९८ टेरालिटर. तुलना करायला कागद-पेन्सिल लागत नाही.

तरीही मराठी माणसाला हे उपसर्ग जड जातात. त्याचे कारण गणितात नाही, मोजण्याच्या सवयीत आहे. मेट्रिक उपसर्ग तीन-तीन शून्यांनी चढतात: हजार, हजार हजार, हजार हजार हजार. आपण हजारापर्यंत त्यांच्याबरोबर जातो आणि पुढे वाट बदलतो. हजारानंतर शंभर हजारांचा लाख, शंभर लाखांचा कोटी. आपल्या पायऱ्या दोन शून्यांच्या. त्यामुळे मेगा आपल्याकडे ‘दहा लाख’ असा अडनिडा पडतो आणि गिगा ‘शंभर कोटी’ असा. नेमका टेरा तेवढा ‘लाख कोटी’ म्हणून सरकारी अंदाजपत्रकातून ओळखीचा झाला आहे.

जुनी मोजणी याहून बारीक होती. भास्कराचार्यांनी ११५०च्या सुमारास लिहिलेल्या ‘लीलावती’त एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थाने आहेत आणि प्रत्येक स्थान आधीच्याच्या दहापट. त्या यादीत गिगाच्या जागी अब्ज येतो, टेराच्या जागी महापद्म, टेराच्या पुढच्या पेटाच्या जागी अंत्य. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये. पेटानंतरच्या एक्झाला अठरा लागतात; म्हणजे लीलावतीची यादी एक्झाच्या एक पायरी अलीकडे थांबते. प्रत्येक स्थानाला नाव देणे ही विद्वानांची चैन होती. व्यापारी आणि सावकार लाख-कोटींवरच भागवत, आणि आपण आजही त्यांच्याच वहीत हिशेब करतो.

युरोपातली वही फ्रान्समध्ये उघडली. राज्यक्रांतीनंतर ७ एप्रिल १७९५च्या कायद्याने मीटर आणि ग्रॅम आले, त्यांच्यासोबत उपसर्गही. मापे वाढवणारे उपसर्ग ग्रीकमधून घेतले: डेका, हेक्टो, किलो. कमी करणारे लॅटिनमधून: डेसी, सेंटी, मिली. तेव्हा दहा हजारांसाठी ‘मिरिया’ही होता, पुढे तो गळला. मिरिया टिकला असता तर आपल्या ‘अयुता’ला युरोपात जोडीदार मिळाला असता, एवढेच.

नंतरची नावे विज्ञानाच्या भुकेप्रमाणे वाढली. १९६०मध्ये आंतरराष्ट्रीय एकक पद्धती ठरली तेव्हा यादी वर टेरापर्यंत आणि खाली पिकोपर्यंत होती. मेगा म्हणजे ग्रीकमध्ये मोठा, गिगा म्हणजे दैत्य, टेरा म्हणजे राक्षस, नॅनो म्हणजे बुटका. राक्षसानंतर काय? विशेषणे संपली, तेव्हा नाव ठेवणाऱ्यांनी सरळ बोटे मोजायला घेतली. १९७५च्या पेटा आणि एक्झामध्ये ग्रीक पाच आणि सहा लपलेले आहेत, कारण ते हजाराचे पाचवे आणि सहावे घात. त्याआधी १९६४मध्ये आलेल्या फेम्टो आणि अॅटोमध्ये डॅनिश-नॉर्वेजियन भाषांतले पंधरा आणि अठरा आहेत. १९९१मध्ये झेटा, योटा, झेप्टो, योक्टो आले. संगणकातली माहिती त्यांनाही अपुरी पाडणार असे दिसू लागले आणि नोव्हेंबर २०२२मध्ये रोना, क्वेटा, रोंटो, क्वेक्टो यांची भर पडली. ब्रिटनच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतल्या रिचर्ड ब्राउन यांनी हा प्रस्ताव मांडला होता. आर आणि क्यू निवडण्याचे कारण गमतीचे आहे: इंग्रजी वर्णमालेत दुसऱ्या कुठल्या एककाने वा उपसर्गाने न बळकावलेली अक्षरे तेवढीच उरली होती. या नव्या मापाने पृथ्वीचे वस्तुमान सुमारे सहा रोनाग्रॅम भरते आणि गुरूचे जवळपास दोन क्वेटाग्रॅम.

ग्रॅमच का, किलोग्रॅम का नाही? कारण किलोग्रॅममध्ये एक उपसर्ग आधीच बसलेला आहे आणि एका एककावर दोन उपसर्ग चढवायला मनाई आहे. पाया म्हणून निवडलेल्या एककालाच उपसर्ग चिकटलेला, ही या नीटनेटक्या पद्धतीतली जुनी खोड. बाजारात तर आपण ग्रॅम गाळून टाकला आणि नुसता ‘किलो’ ठेवला. ‘दोन किलो कांदे’ म्हणजे शब्दशः दोन हजार कांदे. भाजीवाला तेवढे देत नाही हे वेगळे.

भारतात हे सारे फार जुने नाही. १९५६मध्ये वजन-मापांचा कायदा झाला, १ एप्रिल १९५७ला नवे पैसे आले आणि १ ऑक्टोबर १९५८पासून मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने बाजारात उतरली. शेर, मण, तोळा मागे हटले. सोनाराच्या दुकानात तोळा दहा ग्रॅमचा होऊन राहिला. शेतकऱ्याकडे मात्र एक फ्रेंच उपसर्ग थेट सातबाऱ्यावर जाऊन बसला आहे. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर आणि आरमध्ये लिहितात. आर म्हणजे दहा मीटर बाय दहा मीटरचा तुकडा, गुंठ्याहून किंचित लहान. शंभर आर म्हणजे हेक्टर, आणि त्यातला ‘हेक्ट’ हा ‘हेक्टो’च. ज्याला शाळेत हेक्टोमीटर कधी उपयोगी पडला नाही, तो वाटणीच्या भांडणात हेक्टरवर तावातावाने बोलतो.

हेक्टरातच रूपांतराचा सर्वांत घातक सापळा दडलेला आहे. किलो म्हणजे हजार, म्हणून एक चौरस किलोमीटर म्हणजे हजार चौरस मीटर, असे अनेकजण बिनदिक्कत सांगतात. लांबी हजारपट आणि रुंदीही हजारपट, म्हणजे क्षेत्र दहा लाखपट. घनमापात तर तीनदा गुणावे लागते. शंभर मीटर लांब, शंभर मीटर रुंद अशा एक हेक्टर शेतावर शंभर मीटर उंच पाणी उभे केले तर तो एक घन हेक्टोमीटर, म्हणजे दहा लाख घनमीटर, म्हणजेच आपला एक दलघमी. कोयना धरणाची उंची १०३ मीटर आहे, तेव्हा ती भिंत पाहिलेल्याला हा ठोकळा डोळ्यांपुढे आणता येईल. स्पेनमध्ये धरणांचे साठे घन हेक्टोमीटरमध्येच छापतात. संभाजीनगरचा वाचक आणि माद्रिदचा वाचक नकळत एकच माप वाचत असतो.

पावसालाही हेच गणित लागते. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर एक लिटर पाणी. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला. म्हणजे एका चौरस किलोमीटरवर ९४४ दशलक्ष लिटर. मुंबईला रोज पुरवले जाणारे पाणी चार हजार दशलक्ष लिटरच्या आसपास आहे. तसा पाऊस झेललेल्या साधारण चार चौरस किलोमीटरांत शहराची एका दिवसाची तहान साचली होती.

रूपांतराची रीत खरे तर आजीच्या पैशांच्या हिशेबाइतकी साधी आहे. नाणे लहान केले की नाण्यांची संख्या वाढते, मोठे केले की कमी होते. मेगावॅटचे किलोवॅट करायचे तर एक पायरी खाली, म्हणून तीन शून्ये वाढवायची. कोयनेची वीजक्षमता १,९६० मेगावॅट, म्हणजे १९ लाख ६० हजार किलोवॅट; दोन किलोवॅटचे गीझर धरले तर एका वेळी ९ लाख ८० हजार. उत्तर विचित्र आले तर चूक बहुधा पायरी मोजण्यात नसते, दिशेत असते.

लिहिताना अक्षराचा आकारही जपावा लागतो. इंग्रजी मोठा एम म्हणजे मेगा, लहान एम म्हणजे मिली. मेगावॅट आणि मिलिवॅट यांच्यात शंभर कोटींचे अंतर आहे आणि ते एका अक्षराच्या उंचीवर उभे आहे. इंटरनेटच्या जाहिरातीतले ‘१०० एमबीपीएस’ हे मेगाबिट असतात, मेगाबाइट नव्हेत. आठाने भागले की सेकंदाला १२.५ मेगाबाइट हातात येतात. एक टेराबाइटची डिस्क विकत घेतली की विंडोजवर ती ९३१ जीबीच दिसते. दुकानदाराने फसवलेले नसते. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ने. या गोंधळासाठी १९९८मध्ये किबी, मेबी, गिबी असे वेगळे उपसर्ग काढले गेले; दुकानात ते अजून कुणी उच्चारत नाही.

औषधांत मात्र ही चूक विनोदाचा विषय राहत नाही. थायरॉइडच्या गोळ्या २५, ५०, १०० मायक्रोग्रॅमच्या असतात. मायक्रोसाठी ग्रीक म्यू लिहितात आणि घाईच्या अक्षरात तो लहान एमसारखा दिसतो. मायक्रोग्रॅमचा मिलिग्रॅम वाचला गेला तर मात्रा हजारपट. म्हणूनच औषधाच्या चिठ्ठीत म्यू टाळून ‘एमसीजी’ लिहावे असा आग्रह धरला जातो. ‘ड’ जीवनसत्त्वाच्या पुडीवरचा ६०,००० हा आकडाही असाच दचकवतो. तो आंतरराष्ट्रीय एककांचा असतो. ४० एकके म्हणजे एक मायक्रोग्रॅम, तेव्हा पुडीतले जीवनसत्त्व भरते अवघे दीड मिलिग्रॅम.

मायक्रोच्या खालचे जग रोजच्या बोलण्यात क्वचित येते, पण प्रकाशाचा वेग हाताशी धरला की त्याची पट्टी बनवता येते. अमेरिकी संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर व्याख्यानात श्रोत्यांना फूटभर तारेचे तुकडे वाटत: एका नॅनोसेकंदात वीज किंवा प्रकाश फार तर एवढाच जाऊ शकतो. फेम्टोसेकंदांत रासायनिक बंध तुटतात-जुळतात. ते टिपल्याबद्दल अहमद झेवैल यांना १९९९चे नोबेल मिळाले. अॅटोसेकंद त्याच्याही हजारपट छोटा. त्या मापात इलेक्ट्रॉनांच्या हालचाली पकडणारे प्रकाशाचे स्पंद तयार केल्याबद्दल पिएर अगोस्तिनी, फेरेंक क्राउस आणि अॅन लुइलिए यांना २०२३चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.

लांबीतला अॅटो आता महाराष्ट्रातही येतो आहे. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो-इंडिया प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३मध्ये मंजुरी दिली आणि त्याची जागा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ आहे. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा. सप्टेंबर २०१५मध्ये अमेरिकेतल्या अशाच यंत्रांनी पहिली लहर पकडली तेव्हा चार किलोमीटरच्या भुजेची लांबी सुमारे चार अॅटोमीटरने बदलली होती, प्रोटॉनच्या व्यासाच्या चारशेव्या भागाएवढी. औंढा नागनाथ तालुक्यातच पूर्णा नदीवर सिद्धेश्वर धरण आहे, आणि त्याचा साठा दलघमीत मोजतात.