कोपरा दुमडून पाहताना

ग्रंथालयाच्या संवर्धन विभागात एखादी वस्तू टेबलावर आली की आधी तिचं स्थितीपत्रक भरायचं, मगच खळीच्या भांड्याकडे वळायचं. पत्रक इंग्रजीत असतं. या कामाची परिभाषा इंग्रजीतच रुळलेली आहे, शिवाय उद्या ही वस्तू प्रदर्शनासाठी परदेशी गेली तर तिथल्या माणसालाही तेच पत्रक वाचायचं असतं. त्यातला कागदाच्या अवस्थेचा रकाना दिसायला सगळ्यात सोपा. नव्याने शिकायला आलेली मुलं तिथे सरसकट ‘फ्रॅजाइल’ लिहितात. ते खोटं नसतं, पण त्यावरून पुढच्या माणसाने काय करायचं हे कळत नाही. म्हणून मी विचारते, कागद स्वतः मोडतोय, की कागद धड आहे आणि वस्तू मोडकळीला आली आहे? हे दोन आजार वेगळे आहेत आणि त्यांचे उपचारही वेगळे.

१९२०-३० च्या सुमाराच्या एका मराठी मासिकाचे अंक एकत्र बांधलेले आमच्याकडे आले. पुठ्ठा घट्ट, शिवण शाबूत, एकही पान सुटलेलं नाही. पण पानाच्या कडा तपकिरी आणि आत शिरावं तसा रंग पिवळसर होत गेलेला. अशा वेळी एक जुनी चाचणी करतात. पानाचा कोपरा पूर्ण खाली दुमडायचा, मग तोच उलट वर दुमडायचा. ही एक दुहेरी घडी. किती घड्या सोसल्या तर कागद बरा म्हणायचा, हा आकडा संस्थेगणिक बदलतो. दुर्मिळ प्रतीवर ही चाचणी आम्ही करत नाही. या अंकांची दुसरी प्रत हाताशी होती, तिचं एक कोरं पान घेतलं. पहिल्याच घडीला पापडासारखा कोपरा सुटून आला. भिंगाखाली तुटलेली कड पाहिली तर सरळ, स्वच्छ रेघ, बाहेर आलेला एकही तंतू नाही.

याला म्हणतात ‘ब्रिटल’. बाहेरचा जोर किती लागला यापेक्षा आत वाकण्याची ताकद उरली आहे का, हे हा शब्द सांगतो. कारणही ठाऊक आहे. १८०७ मध्ये जर्मनीत मोरिट्झ इलिगने शाई फुटू नये म्हणून राळ आणि तुरटी लगद्यातच मिसळायची रीत काढली. १८४० च्या दशकात लाकूड दळून लगदा करण्याची युक्ती निघाली. कागद स्वस्त झाला, वर्तमानपत्रं आणि मासिकं घरोघर गेली, हे त्या कागदाचे उपकारच. पण तुरटीतून आलेलं आम्ल सेल्युलोजच्या लांब साखळ्या तोडत राहतं. तंतू कमजोर होत जातात आणि एक दिवस कागद दुमडायच्या ऐवजी तुटतो.

त्याच आठवड्यात जुन्नरी कागदावरचं मोडी हिशेबांचं एक बाड आलं. वयाने मासिकाच्या दुपटीहून जास्त. कसरीने आणि अळीने जागोजाग खाल्लेलं, दोरा कुजलेला, पानं एकमेकांना चिकटून फक्त रुमालाच्या आधारावर उभी. उचलताना खालून पुठ्ठ्याचा आधार दिला नाही तर मधला भाग गळून पडेल. पण त्याच पानाचा न खाल्लेला भाग हलकेच वाकवला तर तो वाकतो आणि सोडला की परत येतो. फाटलेल्या कडेवर लांबच लांब तंतू केसांसारखे दिसतात. हा हातकागद, खळ लावून दगडाने घोटलेला, आतून अजून निरोगी आहे. याच्या रकान्यात ‘फ्रॅजाइल’ लिहायचं, ‘ब्रिटल’ लिहायचं नाही. याला थोडी ओल देता येते, घड्या उलगडता येतात, भोकांना जपानी कागदाची ठिगळं लावता येतात, दोरा नव्याने ओवता येतो. मासिकाच्या पानाला नुसतं ठिगळ लावलं तर ठिगळ टिकेल आणि त्याच्या कडेने मूळ कागद तुटेल. आधी आम्ल मारायला हवं, तेही शाई सोसणार असेल तरच. मोडलेली साखळी मात्र परत जुळत नाही.

चित्रांच्या पोथ्यांत तिसरा शब्द लागतो, ‘फ्रायेबल’. इथे कागद तुटत नाही, रंग भुकटी होऊन सुटतो. हिंगुळाच्या लाल भागावर तिरका उजेड टाकला की बारीक कण सुटे दिसतात. अशा पानावर ब्रश फिरवायचा नाही आणि वर काचही ठेवायची नाही, कारण काच उचलताना रंग तिला लागून येतो. जंगालाचा हिरवा तर याहून वाईट. त्यातलं तांबं खालचा कागदच जाळतं, म्हणून एकाच पानावर हिरवं झाड ‘ब्रिटल’ आणि शेजारची लाल साडी ‘फ्रायेबल’ असं वेगवेगळं नोंदवावं लागतं. ‘डेलिकेट’ मी पत्रकात जवळजवळ लिहीतच नाही. तो बहुधा वस्तूचा दोष सांगत नाही. जपानी ठिगळकागद डेलिकेट असतो, पारदर्शक, फुंकरीने उडणारा, पण तुतीच्या सालीच्या लांब तंतूंमुळे ओला असतानाही चांगला ताण घेतो.

शब्दांच्या या काटेकोरपणाला कुणी किरकोळ समजू नये. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या अनेक मोठ्या ग्रंथालयांनी ‘ब्रिटल’ ठरलेली पुस्तकं आणि वर्तमानपत्रांचे गठ्ठे मायक्रोफिल्म करून मूळ प्रती टाकून दिल्या किंवा विकल्या. निकोलसन बेकर या लेखकाने २००१ च्या ‘डबल फोल्ड’ या पुस्तकात त्यावर सडकून टीका केली. त्याचा मुद्दा मला कामाच्या टेबलावर रोज पटतो. वाचक पान दुमडत नाही, उलटतो. दुमडल्यावर तुटणारं पान बेकरने शेकडो वेळा उलटून पाहिलं आणि ते टिकलं. १९९९ मध्ये ब्रिटिश लायब्ररीने विकायला काढलेले अमेरिकी वर्तमानपत्रांचे खंड, पुलित्झरच्या ‘वर्ल्ड’सकट, त्याने विकत घेऊन वाचवले. पुढे तो संग्रह ड्यूक विद्यापीठात गेला. बेकरचा सूर तिखट आहे आणि ग्रंथपालांची जागेची अडचण खरी होती, हे मान्य करूनही मी त्याच्या बाजूने आहे. ‘ब्रिटल’ हे कागदाच्या गुणाचं मोजमाप होतं. ‘वापरण्याजोगं उरलं नाही’ असा निकाल त्यातून निघत नव्हता. मूळ प्रतींबरोबर छापील शाईचा खरा रंग, रंगीत जाहिराती आणि पुरवण्या गेल्या, आणि काळ्या-पांढऱ्या फिल्मवर त्या पुन्हा दिसणार नाहीत.

म्हणून मासिकाच्या पत्रकावर मी एका शब्दावर थांबले नाही. कागद ब्रिटल, बाहेरच्या कडेला जास्त, बांधणी मजबूत, फोटोकॉपी करू नये, कारण खंड पालथा दाबला तर पानं कण्याजवळ ओळीने तुटतील, वाचायला द्यावा. ‘मजबूत’ हा शब्दही इथे धोक्याची सूचना आहे, कारण घट्ट बांधणीच कमजोर पानाला वाकायला लावते. खंड वाचनकक्षात जातो तेव्हा सोबत फोमच्या दोन उशा जातात. त्यांवर ठेवून तो नव्वद अंशांइतकाच उघडायचा, आणि पान कोपऱ्याला धरायच्या ऐवजी कडेच्या मध्यावरून खाली तळवा सरकवून उलटायचं. मागणी आली की वाचकाच्या शेजारी बसून पहिली दोन-चार पानं मी स्वतः उलटून दाखवते.